पेशीतला खवटपणा

जवसाचे तेल उघडे राहिले की काही आठवड्यांतच त्याला उग्र, कडवट वास येऊ लागतो. करडईचे तेल त्याहून टिकते, शेंगदाण्याचे आणखी टिकते आणि खोबरेल महिनोन् महिने तसेच राहते. चौघांना हवा तीच आणि उष्णताही तीच. फरक मेदाम्लांच्या घडणीत आहे. खोबरेलातली सुमारे ९० टक्के मेदाम्ले संतृप्त असतात, म्हणजे त्यांच्या कार्बन साखळीत एकही दुहेरी बंध नसतो. शेंगदाण्याच्या तेलात निम्म्याच्या आसपास ओलेइक आम्ल असते, त्यात एकच दुहेरी बंध. नेहमीच्या करडई तेलात दोन बंधांचे लिनोलेइक आम्ल बहुसंख्य, तर जवसात तीन बंधांचे लिनोलेनिक आम्ल सर्वांत जास्त. दुहेरी बंध वाढतात तसा ऑक्सिजनला शिरकाव सोपा होतो. मानवी मेंदूतल्या आणि डोळ्याच्या पडद्यातल्या पेशींना तर सहा दुहेरी बंधांचे डोकोसाहेक्झेनोइक आम्ल लागते. त्याला थोडक्यात डीएचए म्हणतात. खवट होण्यात ते जवसालाही मागे टाकते. तरीही ३७ अंश तापमानात, ऑक्सिजनच्या सतत पुरवठ्यात आणि लोहाच्या शेजारी ते आयुष्यभर शाबूत राखावे लागते.

ज्या क्रियेने डब्यातले तेल खवट होते तीच क्रिया पेशीतही चालते. तिला मेदांचे पेरॉक्सिडीभवन म्हणतात. दोन दुहेरी बंधांच्या मधोमध जो कार्बन येतो, त्याच्यावरचे हायड्रोजन सर्वांत सैल असतात. लिनोलेइक आम्लात अशी जागा एक, लिनोलेनिकमध्ये दोन, अरॅकिडोनिक आम्लात तीन आणि डीएचएमध्ये पाच. जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन घेऊन फिरणाऱ्या रेणूला मुक्त मूलक म्हणतात. अशा एखाद्या मूलकाने तो सैल हायड्रोजन हिसकावला की मेदाम्ल स्वतःच मूलक बनते. त्याला लगेच ऑक्सिजनचा रेणू चिकटतो आणि पेरॉक्सिल मूलक तयार होते. हे नवे मूलक शेजारच्या मेदाम्लाचा हायड्रोजन ओढून घेते. तसे करताना ते स्वतः हायड्रोपेरॉक्साइड होऊन शांत होते, पण शेजाऱ्याला मूलक करून सोडते. शेजारी पुढच्याला गाठतो, पुढचा त्याच्या पुढच्याला. सुरुवात एका रेणूपासून झाली तरी नुकसान एका रेणूचे राहत नाही, आणि पुढचे सगळे या एका गोष्टीवर ठरते.

जिनिव्हाच्या निकोला-तेओडोर द सोस्यूर यांनी १८२० च्या सुमारास या साखळीचा पहिला चांगला पुरावा नोंदवला, अर्थात ती साखळी आहे हे त्या काळी कोणाला माहीत असणे शक्य नव्हते. त्यांनी पाण्यावर अक्रोडाच्या तेलाचा थर ठेवला आणि ते किती हवा शोषते हे मोजत राहिले. आठ महिन्यांत तेलाने स्वतःच्या आकारमानाच्या जेमतेम तिप्पट हवा शोषली. मग उन्हाळा लागला आणि अवघ्या दहा दिवसांत साठ पटींच्या आसपास हवा आत गेली. आधी दीर्घ शांतता आणि नंतर एकाएकी धडाका, असे साखळी अभिक्रियेचे वागणे असते. शांततेच्या काळात तेलातले नैसर्गिक संरक्षक एकेक करून खर्ची पडत असतात. ते संपले की अडवायला कोणी उरत नाही.

पहिली ठिणगी कोठून येते? पेशीत ती बहुधा लोहाकडून येते. केंब्रिजचे रसायनशास्त्रज्ञ हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्ये दाखवले की हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये लोहाचा क्षार पडला की टार्टारिक आम्लाचे जोरदार ऑक्सिडीभवन होते. या क्रियेत हायड्रॉक्सिल मूलक जन्मते, हे पुढे कळले. हे मूलक इतके अधीर असते की जेथे जन्मते तेथेच, पहिल्या भेटलेल्या रेणूवर तुटून पडते. हायड्रोजन पेरॉक्साइड पेशीत श्वसनाच्या ओघात सतत थोडेथोडे तयार होतच असते. मेदांचे हायड्रोपेरॉक्साइडही लोहाच्या सान्निध्यात फुटून नवी मूलके देतात, म्हणजे विझलेला निखारा पुन्हा पेटतो. म्हणूनच शरीर लोह मोकळे सोडत नाही. प्रौढ माणसाच्या अंगात तीन ते चार ग्रॅम लोह असते. त्यातले बहुतेक हिमोग्लोबिनमध्ये जखडलेले, काही फेरिटिन नावाच्या प्रथिनाच्या पोकळीत कोंडलेले आणि रक्तातून जाणारे ट्रान्सफेरिनच्या पहाऱ्यात. पेशीत मोकळे फिरणारे लोह अगदी थोडे असते, पण क्रिया तेवढ्यावरही चालते.

पेशीपटल हा मेदरेणूंचा दुहेरी थर आहे, जाडी सुमारे पाच नॅनोमीटर. त्याचे काम आत-बाहेर वेगळे ठेवण्याचे, आणि ते तो थर तेलकट असण्यावर चालते. मेदाम्लाच्या शेपटीला ऑक्सिजन चिकटला की ती पाण्याकडे ओढ घेते आणि आतून वळून पृष्ठभागाकडे येऊ पाहते. असे पुष्कळ रेणू झाले की थर पातळ होतो, त्याला भोके पडतात, सोडियम आणि कॅल्शियम आत घुसतात. पाणी त्यांच्यामागे येते, पेशी फुगते. दुसरे नुकसान सावकाश होते. तुटलेल्या मेदाम्लांपासून मॅलॉनडायअल्डिहाइड आणि ४-हायड्रॉक्सिनॉनेनाल असे अल्डिहाइड तयार होतात. खवट तेलाच्या वासातही अशाच भावंडांचा वाटा असतो. मूलके जन्मस्थानीच संपतात, अल्डिहाइड मात्र दूरवर जातात. तेथे ते प्रथिनांना आणि डीएनएला कायमचे चिकटतात आणि त्यांचे काम बिघडवतात. म्हाताऱ्या चेतापेशींत आणि हृदयाच्या स्नायूत साठणारे पिवळट-तपकिरी लिपोफ्युसिन हा अशा चिकटून बसलेल्या मेद-प्रथिनांचाच गाळ आहे.

वणवा रोखायला वनखाते उन्हाळ्याआधी जाळरेषा काढते. गवताचा एक पट्टा आधीच साफ केलेला असतो, आग तेथवर येते आणि पुढे सरकत नाही. पेशीपटलात हे काम जीवनसत्त्व ई करते. कॅलिफोर्नियाच्या बर्कली येथे हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरिन बिशप यांनी १९२२ मध्ये ते शोधले. डुकराच्या चरबीवर पोसलेल्या उंदरिणींना गर्भ राहत असे, पण तो पोटातच विरून जाई. लेट्युसची पाने किंवा गव्हाचा अंकुर दिला की पिल्ले नीट जन्मत. म्हणून १९३६ मध्ये त्या द्रव्याला ‘प्रसूती घडवणारा’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून टोकोफेरॉल नाव मिळाले. ते नेमके काय करते हे समजायला आणखी वेळ गेला. टोकोफेरॉल स्वतःचा हायड्रोजन पेरॉक्सिल मूलकाला देऊन टाकते आणि त्यानंतर जे मूलक उरते ते इतके मंद असते की कोणावर हल्ला करत नाही. जीवनसत्त्व क त्याला पुन्हा हायड्रोजन देऊन कामाला लावते. हजारेक मेदरेणूंमागे टोकोफेरॉलचा जेमतेम एक रेणू असतो आणि तेवढ्यावर पटल तगते. याचे कारण हे चक्र.

टोकोफेरॉल आग पुढे सरकू देत नाही, पण मागे राहिलेला निखारा विझवत नाही. तो निखारा म्हणजे हायड्रोपेरॉक्साइड. इटलीतल्या पादुआचे फुल्व्हिओ उर्सिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये डुकराच्या यकृतातून एक विकर वेगळे काढले. पटल तसेच जागेवर असताना त्यातल्या हायड्रोपेरॉक्साइडचे ते निरुपद्रवी अल्कोहोलमध्ये रूपांतर करते. आज ते जीपीएक्स-४ म्हणून ओळखले जाते. त्याच्या मर्मस्थानी सेलेनियमचा एक अणू असतो आणि त्याचे इंधन ग्लुटाथायोन. ग्लुटाथायोनसाठी गंधकयुक्त सिस्टीन लागते, आणि पुष्कळ पेशी ते बाहेरून जोडीच्या रूपात आत घेतात. सिस्टीन, ग्लुटाथायोन, सेलेनियम, जीपीएक्स-४ या ओळीतले काहीही तुटले तरी शेवट एकच. उंदरांत या विकराचे जनुक पूर्ण काढून टाकले तर पिल्लू गर्भातच मरते. प्रौढ उंदरात ते बंद केले तर मूत्रपिंडे थोड्याच दिवसांत निकामी होतात. चीनमध्ये केशान परगण्यात १९३५ मध्ये लहान मुले आणि तरुण स्त्रिया हृदय निकामी होऊन मरू लागल्या होत्या. तेथल्या मातीत, म्हणून धान्यातही, सेलेनियम अत्यल्प होते. १९७० च्या दशकात मुलांना सोडियम सेलेनाइट दिल्यावर या रोगाचे प्रमाण झपाट्याने घसरले. एक विषाणूही त्यात भागीदार असल्याचे नंतर दिसले, पण दार उघडे ठेवले होते ते सेलेनियमच्या कमतरतेने.

पेशी नेमकी याच कारणाने मरू शकते आणि ते मरण स्वतंत्र प्रकारचे असते, हे कळायला साठेक वर्षे लागली. १९५० च्या दशकात हॅरी ईगल यांनी पात्रात वाढवलेल्या पेशींना कोणते पोषण लागते याची बारकाईने नोंद केली. सिस्टीन काढून घेतले की पेशी मरतात, हे त्यांनी पाहिले. जपानच्या शिरो बन्नाई यांनी १९७७ मध्ये दाखवले की सिस्टीन नसतानाही जीवनसत्त्व ई घातले तर त्या जगतात. ही गोष्ट मोठी होती, पण ती पोषणशास्त्राच्या कप्प्यात पडून राहिली. २००३ मध्ये ब्रेंट स्टॉकवेल यांच्या गटाला कर्करोगाच्या विशिष्ट पेशी मारणारे एक रसायन सापडले, त्याला त्यांनी इरास्टिन नाव दिले. त्याने मरणाऱ्या पेशींत ॲपॉप्टोसिसची, म्हणजे पेशीच्या शिस्तबद्ध आत्मनाशाची, खूण दिसेना. केंद्रकाचे तुकडे पडत नव्हते, नेहमीची प्रथिनभेदी विकरे जागी होत नव्हती. फक्त तंतुकणिका आक्रसून लहान दिसत. लोह बांधून ठेवणारे औषध घातले की मात्र पेशी वाचत. २०१२ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून स्कॉट डिक्सन आणि स्टॉकवेल यांनी या मरणाला फेरॉप्टोसिस असे नाव दिले, ‘फेरम’ म्हणजे लोह. इरास्टिन सिस्टीनचे दार बंद करते, ग्लुटाथायोन संपते, जीपीएक्स-४ उपाशी पडते आणि पटल खवट होऊन फुटते. साठ वर्षांत तुकड्यातुकड्याने दिसलेले सगळे एका ओळीत आले.

ॲपॉप्टोसिससाठी पेशीजवळ खास यंत्रणा असते. ती चालू करावी लागते. फेरॉप्टोसिससाठी अशी खास कळ अजून आढळलेली नाही. ते सतत होऊ पाहते आणि पेशी ते सतत अडवत राहते. म्हणून त्याला ‘आत्महत्या’ म्हणणे बरोबर नाही. जीपीएक्स-४ एकटे पडू नये यासाठी आणखी पहारे आहेत, हेही पुढे कळले. एफएसपी-१ नावाचे प्रथिन पटलात कोएंझाइम क्यू-१० ताजे ठेवते, हे २०१९ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले. रक्त गोठण्यासाठी लागणारे जीवनसत्त्व के हेही त्याच प्रथिनाच्या हाती लागले की मेद राखते. उलट एसीएसएल-४ हे विकर बहुअसंतृप्त मेदाम्ले पटलात बसवते. ते नसेल तर खवट होण्याजोगा माल कमी, आणि पेशी सहजी मरत नाही. या मरणाचे आणखी एक भयानक लक्षण म्हणजे ते पसरते. मूत्रपिंडाच्या नलिकेत एक पेशी गेली की लगतच्या पेशी एकापाठोपाठ एक कोसळताना सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात.

रोगांकडे वळले की सर्वांत स्वच्छ उदाहरण हृदयविकाराच्या झटक्याचे. धमनी बंद झाली की स्नायू ऑक्सिजनविना मरू लागतो. ती लवकरात लवकर उघडणे हाच खरा उपाय, आणि त्याने जीव वाचतात. तरी रक्त परत येते त्या पहिल्या काही मिनिटांत नुकसानीचा एक नवा भाग सुरू होतो. उपाशी राहिलेल्या तंतुकणिकांत साठलेली द्रव्ये एकदम जळतात, मूलकांचा लोंढा येतो, सुटे लोह हाताशी असतेच. उंदरांत लोह बांधल्याने किंवा पेरॉक्सिडीभवन रोखणारे रसायन दिल्याने हे नुकसान कमी होते. प्रत्यारोपणासाठी बर्फात ठेवलेल्या मूत्रपिंडातही रक्त जोडताच असेच घडते.

थॅलेसेमियात कारण उघड्यावर असते. सिंधी, लोहाणा आणि कच्छी समाजांत या विकाराचे वाहक अधिक आढळतात. त्यामुळे मुंबई परिसरातल्या रक्तपेढ्यांना सतत रक्त चढवावे लागणारी थॅलेसेमियाची मुले नवी नाहीत. रक्ताच्या प्रत्येक पिशवीबरोबर २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात येते. बाहेर जाण्याची वाट मात्र दिवसाला एखाद्या मिलिग्रॅमची. काही वर्षांत ट्रान्सफेरिन भरून वाहते, मोकळे लोह हृदयाच्या स्नायूत आणि अंतःस्रावी ग्रंथींत शिरते. दर दोन-चार आठवड्यांनी रक्त घेणाऱ्या मुलाचा जीव पुढे बहुधा रक्तक्षयाने नव्हे, तर या लोहाने हृदय निकामी होऊन धोक्यात येतो. लोह बांधणाऱ्या गोळ्या रोज न चुकता घेतल्या तर हे टळते. डेफेरिप्रोन या गोळीला जगात सर्वांत आधी मान्यता देणाऱ्या देशांत भारत होता, आणि तिच्या सुरुवातीच्या चाचण्यांत मुंबईचा वाटा होता. विदर्भ आणि नंदुरबारच्या आदिवासी भागांत आढळणाऱ्या सिकलसेलमध्येही बिघडलेल्या हिमोग्लोबिनचे लोह तांबड्या पेशीच्या पटलाला आतून चिकटते आणि तेथले मेद जाळते.

पॅराक्वाट या तणनाशकाची विषबाधा याच रसायनाची सर्वांत क्रूर आवृत्ती. हे विष फुप्फुसात साठते, ऑक्सिजनला पुन्हा पुन्हा इलेक्ट्रॉन देत मूलके निर्माण करत राहते, आणि त्यावर उतारा नाही. श्वास कोंडलेल्या माणसाला ऑक्सिजन लावणे ही डॉक्टरांची पहिली प्रतिक्रिया असते. येथे मात्र तो शक्य तितका रोखून धरावा लागतो, कारण ऑक्सिजन हेच इंधन आहे.

धमन्यांच्या आजारात गोष्ट दशकांची असते. रक्तातून कोलेस्टेरॉल वाहणारे एलडीएल कण धमनीच्या अस्तराखाली अडकतात आणि त्यांचे मेद तेथे हळूहळू खवट होतात. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांना १९७९ मध्ये दिसले की भक्षक पेशी साधे एलडीएल फारसे घेत नाहीत, पण रासायनिक बदल झालेले एलडीएल अधाशासारखे गिळतात. पोट भरून फुगलेल्या या फेसाळ पेशी म्हणजे धमनीतल्या गाठीची पहिली पायरी. डॅनियल स्टाइनबर्ग आदींनी यावरून मांडले की मूळ दोष ऑक्सिडीभवनाचा असावा, आणि मग जीवनसत्त्व ई देऊन हृदयरोग टळायला हवा.

हे तर्कशुद्ध होते, आणि बहुतेक चाचण्यांत टिकले नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘होप’ चाचणीत नऊ हजारांहून अधिक रुग्णांपैकी निम्म्यांना साडेचार वर्षे रोज ४०० एकक जीवनसत्त्व ई दिले, झटके कमी झाले नाहीत. त्याआधी १९९४ मध्ये फिनलंडच्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या चाचणीत बीटा-कॅरोटिन हे अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिडीभवन रोखणारे द्रव्य, घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. ‘सिलेक्ट’ या पस्तीस हजार पुरुषांच्या अमेरिकी चाचणीत जीवनसत्त्व ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले. कंपवातात मेंदूच्या एका भागात लोह साठते, म्हणून नव्याने निदान झालेल्या रुग्णांना डेफेरिप्रोन देऊन पाहिले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात त्यांची लक्षणे उलट बळावली होती, कदाचित डोपामिन बनवणाऱ्या विकरालाही लोह लागते म्हणून. या अपयशांवरून खवटपणाचा सिद्धांत खोटा ठरत नाही. ज्यांच्या अंगात आधीच पुरेसे जीवनसत्त्व ई आहे त्यांना आणखी दिल्याने, दशके चाललेल्या गाठीत, योग्य ठिकाणी, योग्य वेळी पहारा वाढत नाही, एवढे ठरते. जेथे उणीव किंवा हानी नेमकी असते तेथे उपयोग दिसतो. जीवनसत्त्व ई नीट वाहून न नेण्याच्या जन्मजात दोषात मुलांचा तोल जाऊ लागतो, आणि मोठ्या मात्रेने तो ऱ्हास थांबतो. मधुमेह नसलेल्या रुग्णांत चरबीमुळे सुजलेल्या यकृतातही त्याने सुधारणा झाल्याचे २०१० च्या एका चाचणीत दिसले.

पोटात जाणारे खवट तेल हा शेजारचा पण वेगळा प्रश्न आहे. वडे-भजी तळून काळवंडलेल्या तेलातली ऑक्सिडीकृत द्रव्ये आतड्यातून काही प्रमाणात शोषली जातात. १ जुलै २०१८ पासून भारतात तळणीच्या तेलात एकूण ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांवर गेली की ते तेल वापरता येत नाही. हा नियम योग्यच आहे, पण पेशीपटलातली आग त्या कढईतून येत नाही. ती आत पेटते.

कर्करोगात हे सगळे उलटे फिरते. जो पहारा निरोगी पेशीला वाचवतो तोच गाठीतल्या पेशीलाही वाचवतो. केमोथेरपीला दाद न देणाऱ्या आणि जागा सोडून पसरू लागलेल्या काही पेशी जीपीएक्स-४ वर इतक्या विसंबून असतात की ते बंद करताच मरतात, हे २०१७ मध्ये दिसले. किरणोपचाराने मरणाऱ्या काही पेशीही याच वाटेने मरतात. प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी गाठीतल्या पेशींचा सिस्टीनचा पुरवठा आखडून त्यांना या मरणाकडे ढकलतात. त्वचेच्या मेलॅनोमा कर्करोगावरचे प्रयोग फिनलंडमधल्या निकालावर प्रकाश टाकतात. उंदरांत रक्तातून प्रवास करणाऱ्या मेलॅनोमा पेशींपैकी बहुतेक ऑक्सिडीभवनाच्या ताणाने वाटेतच मरतात, आणि अँटिऑक्सिडंट दिले तर अधिक पेशी पोहोचतात. लसिकेतून जाणाऱ्या पेशी मात्र तशाच तगतात. डलासच्या संशोधकांनी २०२० मध्ये त्याचे कारण शोधले. लसिकेत ओलेइक आम्ल विपुल असते. तेथून जाताना पेशी ते आपल्या पटलात बसवून घेतात, बहुबंधी मेदाम्लांची जागा एकबंधी घेतात, आणि त्यानंतर रक्तात उतरल्यावरही त्या टिकतात.